इकोचा आवाज कमी करायचाय? आधी फटी बुजवा, मग शीट घ्या



मागच्या व्हिडिओत आपण इकोच्या दरवाज्याला डॅम्पिंग शीट कशी लावायची ते बघितलं. हात कसा चालतो हे व्हिडिओत दिसतं, पण शीट कुठे लावायची, कुठे अजिबात लावायची नाही आणि ग्राहकाचे पैसे आधी कशावर घालायचे हे सांगायला तिथे वेळ पुरत नाही. ते इथे लिहितो. गाडीमालकांनी वाचाच. ॲक्सेसरीजचं दुकान चालवणाऱ्यांनी किंवा काढायच्या विचारात असलेल्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा, कारण या कामात पैसा आहे आणि नाव घालवायची सोयही तितकीच आहे.

इकोच का? कारण आपल्याकडे पोटापाण्याची व्हॅन म्हटलं की आधी ओम्नी होती, आता इको आहे. ओम्नी १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. इको २०१० पासून आहे. शाळेची मुलं, शिर्डी-त्र्यंबकच्या ट्रिपा, ब्रेड, कुरिअर, मंडपाचं सामान, सगळं तिच्यावर चालतं. दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे: इंजिन नाकात नाही, पुढच्या सीटच्या खाली आहे. साध्या कारमध्ये इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यात फायरवॉलचा पत्रा, त्यावरचं अस्तर, डॅशबोर्ड आणि थोडं अंतर असतं. इकोत ड्रायव्हर जवळपास इंजिनावरच बसतो. मध्ये असतं ते पत्र्याचं झाकण, थोडं अस्तर आणि सीट. शिवाय गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टही फ्लोअरखालून मागे जातो. आणि मागचा भाग म्हणजे मोकळा पत्र्याचा डबा. ढोलकीच्या आत बसून गाडी चालवण्यासारखं आहे ते.

म्हणून ग्राहक येतो तेव्हा त्याचं एकच वाक्य असतं, "दादा, फुल डॅम्पिंग करायचंय, किती होतील?" आणि बहुतेक दुकानदार लगेच स्क्वेअर फुटाचा भाव सांगतात. इथेच गडबड सुरू होते.

शीट आवाज अडवत नाही

हे वाक्य ऐकून काही मित्रांना धक्का बसेल, कारण आपण वर्षानुवर्षं तीच शीट विकतोय. पण नीट समजून घ्या. ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली २ मिलिमीटरची ब्युटाइल शीट पत्र्याची थरथर मारते. स्टीलच्या ताटावर चमचा मारा, ताट वाजत राहतं. त्याच ताटाच्या मधोमध हात टेकवून मारा, "ठप्" होऊन थांबतं. शीट म्हणजे तो टेकवलेला हात. जो पत्रा थरथरतोय त्याला ती शांत करते. जो आवाज हवेतून, फटीतून आत येतोय त्याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

आणि हात टेकवायला अख्खं ताट झाकावं लागत नाही ना? तसंच पत्र्याचं. दरवाज्याच्या किंवा छताच्या पॅनलचा पाव ते अर्धा भाग, तोही मधला, झाकला की बहुतेक काम होतं. त्यापुढे लावलेल्या प्रत्येक तुकड्याचा फायदा कमी होत जातो आणि वजन मात्र तेवढंच वाढतं. २ मिलिमीटर ब्युटाइलचं वजन चौरस मीटरला साधारण ३ किलोच्या पुढे जातं. १० चौरस मीटर लावलं की ३० किलोच्या वर ओझं झालं. टूरवाल्याची ती एक मोठी बॅग, रोज फुकट फिरवायची.

आता आवाज अडवायचं म्हटलं तर दोन गोष्टी लागतात: वजनदार अखंड पडदा आणि बंद फटी. "अखंड" या शब्दाखाली रेघ मारा. एक हिशेब करून दाखवतो. समजा इंजिनाचं झाकण ६० बाय १०० सेंटीमीटर आहे. त्याच्या चारी कडांची लांबी झाली ३२० सेंटीमीटर. कडेचं रबर वाळून चपटं झालंय आणि सगळीकडे फक्त २ मिलिमीटर फट राहिलीय. ती फट एकत्र केली तर ६४ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे झाकणाच्या १ टक्क्याहून थोडी जास्त. एवढीशी फट काय करणार असं वाटतं. पण १ टक्का जागा उघडी असेल तर तिथून आवाजाची साधारण १ टक्का ऊर्जा सरळ आत येते, आणि १ टक्का म्हणजे २० डेसिबल. झाकण तुम्ही पत्र्याचं ठेवा, लाकडाचं करा नाहीतर काँक्रीटचं ओता, २० डेसिबलच्या वर ते काही अडवू शकणार नाही. झाकणावर हजारोंचा माल चिकटवला आणि कडेचं रबर तसंच ठेवलं, तर ग्राहकाने पैसे कशाचे दिले?

माझ्याकडे एक इकोवाले काका आले होते. नाशिक-शिर्डी रोजच्या ट्रिपा. त्यांनी आधी दुसरीकडे दरवाजे आणि छत पूर्ण झाकून घेतलं होतं, काम दिसायला एकदम चकाचक. तक्रार तीच. मागे बसलेल्या पॅसेंजरशी बोलायला ओरडावं लागतं, संध्याकाळी डोकं भणभणतं, आणि हॉटेलवाले आता साहेब लोकांसाठी दुसरी गाडी बोलावतात. गाडीचा हप्ता चालू, वर डॅम्पिंगचे पैसे गेलेले. माणूस चिडलेला होता आणि चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. आम्ही झाकण उघडलं. एका कोपऱ्यात रबरच नव्हतं, क्लिप नीट बसत नव्हती, आणि जवळच म्युझिक सिस्टिमची वायर न्यायला केलेलं भोक बिनबुचाचं होतं. अंगठा जाईल एवढं. त्या दिवशी त्यांना एकही शीट विकली नाही. रबर, क्लिप, बूच आणि मजुरी, एवढंच बिल. ट्रायलला काका स्वतः चालवत होते आणि मी मागे बसून साध्या आवाजात बोलत होतो. सिन्नर फाट्यापर्यंत त्यांनी मला एकदाही "काय?" म्हणून विचारलं नाही. झाकणाखालचं अस्तर आणि पुढचा फ्लोअर त्यांनी महिन्याभराने स्वतः येऊन करून घेतला.

ट्रायल घेतल्याशिवाय भाव सांगू नका

मी माझ्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो. डॉक्टर तपासल्याशिवाय गोळी देत नाही, आपण गाडी न चालवताच पॅकेज विकतो. ग्राहकाला शेजारी बसवा आणि अर्धा तास द्या.

आधी गाडी जागेवर उभी ठेवून हलकी रेस द्या. जो आवाज इथेच त्रास देतो तो इंजिनाचा, सायलेन्सरचा किंवा माउंटिंगचा. चाकं फिरतच नाहीयेत, त्यामुळे टायरवर संशय घ्यायचं कारण नाही. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर ६० च्या स्पीडला दोन-तीन सेकंद फक्त क्लच दाबा. इंजिन बंद करायचं नाही, बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर सुटतो. क्लच दाबल्यावर आवाज एकदम उतरला तर दोष इंजिनाकडे. तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा वारा. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर टायर. वळणावर एका बाजूला वजन गेलं की "घूं" वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, असं असेल तर व्हील बेअरिंग तपासायला सांगा. त्याला डॅम्पिंग करून झाकू नका, तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

मागे एका पोराला बसवून चालत्या गाडीत पत्र्यावर तळहात दाबायला लावा. ज्या जागी हात दाबल्यावर आवाज बदलतो तिथे खडूने फुली मारायची. शीट त्या फुलीवर लावायची आहे. आणि दरवाज्याच्या रबराचा संशय असेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे मास्किंग टेप. बाहेरून दरवाज्याच्या फटीवर टेप मारा आणि तोच रस्ता परत चालवा. फरक पडला तर रबर बदलायचं, विषय संपला. सरकत्या दरवाज्याचं रबर हमखास एका कोपऱ्यात दबलेलं सापडतं. दहाची नोट रबरावर ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. अलगद निघून आली तर तिथे दाब नाही.

मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप वापरता येतं, पण समजून. मोबाइलचा आकडा खरा किती हे महत्त्वाचं नाही. तोच मोबाइल, तीच जागा, तोच रस्ता, तोच स्पीड, काचा बंद आणि एसी बंद ठेवून आधी आणि नंतर किती फरक पडला ते बघायचं. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला ते जेमतेम जाणवतं. कानाला "निम्मा झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून "८० टक्के आवाज गायब" असले बोर्ड लावू नका. कशाचे ८० टक्के, असं ग्राहकाने विचारलं तर उत्तर नसतं.

अजून एक बारकावा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के देतं, म्हणजे १०० हर्ट्झची घुमघुम. ॲपमधलं नेहमीचं ए-वेटिंग १०० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ १९ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. त्यामुळे ग्राहक म्हणतो "डोकं घुमतंय" आणि आपला मोबाइल म्हणतो "सगळं ठीक". ॲपमध्ये सी-वेटिंग असेल तर तेही लावून बघा, आणि आकड्यापेक्षा ग्राहकाच्या डोक्यावर जास्त विश्वास ठेवा. ही घुमघुम पातळ फोमने जात नाही. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वातीन मीटरच्या पुढे असते, ५ मिलिमीटरचा फोम तिला काय अडवणार! ती इंजिन माउंटिंग, सायलेन्सर टांगायची रबरं आणि थरथरणारं छत यांच्याकडून येते. तिकडेच जायचं.

कामाचा क्रम

पहिलं मेकॅनिकचं काम: माउंटिंग, सायलेन्सरचा लीक, शाफ्टचे क्रॉस, बेअरिंग. हे तुमच्या दुकानात होत नसेल तर चांगल्या मेकॅनिककडे पाठवा, ग्राहक परत तुमच्याकडेच येतो. टायर खाल्लेले असतील तर तेही आधी, आणि हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे. छतावर रिकामा कॅरियर असेल तर महिन्यातून चारदाच लागतो का विचारा आणि काढून बघा. हायवेवरची अर्धी शिट्टी तिथलीच असते.

दुसरं, फटी. त्यांच्याबद्दल पुरेसं बोललो.

तिसरं, इंजिनाचं झाकण, आणि इथे घाई नको. झाकणाखालचं कंपनीचं अस्तर फाटलं असेल तर आधी पार्ट्सच्या काउंटरवर ओरिजिनल मिळतं का बघा. ते नसेल तर उष्णता सहन करणारं, वर्ख लावलेलं, इंजिन बेसाठीच बनवलेलं मटेरियल वापरा. गादीचा स्पंज तिथे कधीही लावू नका. तो तेल पितो आणि पेट घेतो, आणि त्याच्या वर माणूस बसलेला असतो. जे काही लावाल ते बेल्ट, पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब असलं पाहिजे आणि नुसत्या गोंदावर टांगलेलं नको, क्लिपने धरलेलं हवं. उन्हाळ्यात गोंद सुटतो. झाकणाच्या वरच्या बाजूला, सीटच्या खाली, पातळ फोम आणि त्यावर वजनदार व्हिनाइल चालतं. पण सीटच्या बोल्टखाली किंवा बेल्टच्या बोल्टखाली एक मिलिमीटरही फोम जाता कामा नये. फोम दबतो, बोल्ट ढिला होतो.

चौथा पुढचा फ्लोअर आणि चाकांच्या वरचे भाग. पत्रा स्वच्छ पुसून ब्युटाइलचे तुकडे, रोलरने नक्षी सपाट होईपर्यंत दाबून. त्यावर ५-६ मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम, त्यावर अखंड वजनदार व्हिनाइल, त्यावर मॅट. फोमचं काम इथे आवाज शोषणं नाही, व्हिनाइलला पत्र्यापासून सुटं ठेवणं आहे. दोन्ही चिकटले की मजा गेली. सगळं बसवल्यावर ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच पूर्ण खाली जातात का ते बुटासकट दाबून बघा. जाड मॅट पेडलखाली अडकली तर कमी झालेल्या आवाजाचं कौतुक ऐकायला कोणी राहणार नाही. सुती फेल्ट फ्लोअरवर टाळा. आपल्याकडच्या पावसात तो एकदा भिजला की महिनाभर सुकत नाही आणि पत्रा खालून गंजतो.

दरवाजे आणि छत सगळ्यात शेवटी. होय, ज्या दरवाज्याचे व्हिडिओ सगळ्यात जास्त चालतात तो शेवटी! दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. आतलं प्लास्टिक, जे काढून बरेच कारागीर कोपऱ्यात फेकतात, ते परत नीट चिकटवायचं. ते नसेल तर काचेवरून उतरलेलं पाणी थेट आतल्या पॅडवर आणि तिथून फ्लोअरवर येतं. काच पूर्ण खाली जाते का आणि लॉकचा रॉड मोकळा आहे का, हे पॅड लावायच्या आधी तपासा. छताला स्वस्त डांबरी शीट नको. मे महिन्यात वास मारते आणि सुटून लायनिंगवर पडते.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडून बाहेर जाणारा हवेचा पाइप आणि त्याचं तोंड मोकळंच राहिलं पाहिजे. फटी बुजवायच्या नादात तेही बुजवणारे कारागीर आहेत. आपल्या पोराला पहिल्या दिवशीच बजावून ठेवा.

भाव कसा लावायचा

मी स्क्वेअर फूट सांगत नाही. पायऱ्या सांगतो. ट्रायलचे पैसे वेगळे घेतो आणि काम करून घेतलं तर बिलातून वजा करतो. फुकटच्या तपासणीला ग्राहकही किंमत देत नाही. समजा ग्राहकाचं बजेट १०,००० रुपये आहे. मी २,५०० पर्यंत रबर, क्लिप, बूच असलं किरकोळ काम धरतो, ३,५०० झाकणाला, उरलेले पुढच्या फ्लोअरला. दरवाज्याला शून्य. तुमच्या गावातला माल आणि मजुरीचा भाव वेगळा असेल, आकडे बदला, वाटणी बघा.

आता तुम्ही म्हणाल, दादा, ब्युटाइलवर मार्जिन जास्त आहे, रबराच्या बीडिंगवर काय मिळतं? मालावर कमी मिळतं, मान्य. म्हणून मजुरी नीट लावा. झाकण उतरवणं, जुना गोंद खरवडणं, रबर बसवणं हे कसबाचं काम आहे आणि कसबाचे पैसे मागायला लाजायचं नाही. बिलावर "डॅम्पिंग: एकूण" असं एका ओळीत लिहू नका. ट्रायलमध्ये काय सापडलं, काय बदललं, आधीचा आणि नंतरचा आकडा, सगळं लिहून द्या. इकोवाला इकोवाल्याला तो कागद दाखवतो. स्टँडवर दिवसभर एकत्र बसलेले असतात ते!

आणि भीती दाखवून विकू नका. "कान जातील" वगैरे. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला रोज ८ तासांची मर्यादा सुचवते आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते, म्हणजे ८८ ला ४ तास. तुमच्या ट्रायलमध्ये आकडा त्याच्या आसपास दिसला तर गाडीत काहीतरी तुटलेलं आहे, तो दोष शोधा. नाहीतर दिवसभर घुमणाऱ्या डब्यात बसून माणूस थकतो, एवढं खरं कारण ग्राहकाला पुरतं. तो ते रोज भोगतोय, त्याला वेगळं पटवावं लागत नाही.

गाडी दिल्यावर आठ दिवसांनी फोन करा आणि झाकणाच्या क्लिप एकदा बघायला बोलवा, नवीन रबर दबून बसतं तेव्हा त्या पुन्हा आवळाव्या लागतात. पहिला मोठा पाऊस झाला की अजून एकदा बोलवा, पुढची मॅट उचला आणि खाली हात फिरवून बघा. ओल लागली तर त्याच दिवशी सगळं काढून पाणी कुठून आलं ते शोधा, मजुरी न घेता.